तिसऱ्या रात्रीचा इलाज

आशाताई घरोघरी जातात तेव्हा त्यांच्या हातात एक फॉर्म असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती त्यात भरायची असते. वय किती, कमरेचा घेर किती, तंबाखू खाता का, रोज दारू पिता का, आईवडिलांना शुगर-बीपी होतं का. प्रत्येक उत्तराला गुण असतात. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी तपासणीला बोलवायचं. शुगर निघाली तर गोळी सुरू होते, बीपी निघालं तर गोळी सुरू होते. आणि ‘रोज दारू पिता का’ या प्रश्नाला ‘हो’ आलं तर? एक गुण मिळतो.

मैत्रिणींनो, त्या एका गुणाचं पुढे काय होतं, हे मी आमच्या बचत गटातल्या बायकांना विचारलं. सगळ्या हसल्या. एक म्हणाली, “ताई, नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा दारूचे मार्क भेटले.”

हसण्यासारखंच आहे, आणि नाहीही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर व्यसनांची पाहणी करून घेतली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची, उपचाराची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. मला त्या अहवालातला दुसरा आकडा जास्त बोचतो. दारूचं पक्कं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस १८० जणांमागे एक. हे कोरोना येण्याच्या वर्षभर आधीचं चित्र. म्हणजे मार्च २०२० मध्ये एका रात्रीत सगळं बंद झालं तेव्हा उरलेल्या १७९ जणांचं काय होणार, हे सरकारच्याच कागदावर आधीपासून लिहिलेलं होतं.

आमचं कुडवा नावाला गाव, पण गोंदिया शहराला चिकटलेलं. सकाळी सायकलवर डबा लटकवून माणसं राइस मिलमध्ये, बांधकामावर, हमालीला शहरात जातात आणि संध्याकाळी परततात. परततानाची वाट कुठून जाते ते सांगायला नको. लॉकडाऊन लागला तेव्हा कामही बंद आणि दुकानंही बंद. बायकांना विचाराल तर पहिल्या दोन-तीन दिवसांबद्दल त्या चांगलंच बोलतात. घरात आरडाओरडा नाही, हातात असलेले पैसे हातात राहिले, पोरं बापाजवळ बसली. मग एकीने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते. “दोन दिवस बरे गेले जी ताई. हात कापत होते, घाम येत होता, पण मी म्हटलं उतरते आहे नशा. तिसऱ्या राती हा भिंतीवरच्या मुंग्या झटकत बसला. भिंतीवर एक मुंगी नव्हती. मला म्हणे, तू कोण आहेस, माझ्या घरात काहून आली?”

घरच्यांनी काय केलं? लिंबू उतरवलं. शेजारच्या म्हातारीने ‘बाहेरचं लागलं’ म्हणून सांगितलं. बिचारी काय चुकीचं बोलली? मुंग्या दिसणं, साप दिसणं, घरच्या माणसांना न ओळखणं, रात्र रात्र झोप नसणं, याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच नाव आहे. डॉक्टरी भाषेत त्याचं नाव वेगळं, आणि त्यावर इलाजही आहे. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय होऊन बसते. ती अचानक तोडली की काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो. एक-दोन दिवसांत कुणाला फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना हा भ्रम होतो, ताप चढतो, छातीचे ठोके वाढतात, आणि उपचार मिळाला नाही तर त्यात जीवही जाऊ शकतो. सगळ्यांना असं होत नाही, थोड्यांनाच होतं. पण कोणाला होणार हे घरच्या बाईला आधी कसं कळावं?

आता हा इलाज केवढा मोठा आहे ते ऐका. डायझेपामसारख्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या, सुरुवातीला जास्त आणि मग रोज कमी कमी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडाभर. आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. दारुड्याचं पोट नीट भरलेलं नसतं, अंगात हे जीवनसत्त्व उरलेलंच नसतं. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे गावात अशक्तपणावरचा सगळ्यात आवडता उपाय कोणता, ते तुम्हीच आठवून पाहा. ही दोन्ही औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत. यासाठी मुंबई-नागपूरचं मोठं इस्पितळ लागत नाही. ज्याला फिट येते किंवा भ्रम होतो त्याला दाखल करावंच लागतं, पण बाकीच्यांचं काम प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं. शिकवलेला डॉक्टर, कपाटात औषध आणि चार दिवस विचारपूस करणारी नर्स एवढं पुरे.

एवढं नव्हतं म्हणून देशात काय काय झालं ते पाहा. केरळमध्ये दुकानं बंद झाल्यावर आठवडाभरात आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि तिथलं सरकार एवढं घाबरलं की डॉक्टरने चिठ्ठी दिली तर व्यसनी माणसाला दारू द्या, असा आदेश निघाला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि एप्रिल २०२० च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. दारू हे औषध नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मग खरं औषध कुठे होतं? जुलै २०२० च्या अखेरीस आंध्र प्रदेशातल्या कुरिचेडू गावात दारू मिळेना म्हणून माणसं सॅनिटायझर प्यायली, दहाहून अधिक दगावली. लांब कशाला जायचं, दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत तेच घडलं. दुकानं बंद होती, मजुरांनी सॅनिटायझर घेतलं, सात जण गेले. तिकडे इराणमध्ये तर दारूने कोरोना मरतो अशी अफवा उठली आणि विषारी मिथेनॉल पिऊन शेकडो लोक मेले.

आमच्या भागात सॅनिटायझरची पाळी आली नाही, त्याचं कारण सरकारी व्यवस्था नव्हे, मोहाचं झाड आहे. मार्च-एप्रिल हाच मोहफुलं पडण्याचा हंगाम. दुकानाला कुलूप, पोलीस नाक्यावर, आणि जंगलात टोपल्या भरून मोहफुलं. हातभट्ट्यांना असा सुकाळ कधी आला नसेल. बायकांना मिळालेली ती दोन-तीन दिवसांची शांतता भट्टीच्या धुरात गेली.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे बाई दारूची दुकानं उघडी ठेवा म्हणतात. मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेत २७ मार्च २०२० पासून दारूविक्री बंद केली तेव्हा मारामारीचे, अपघाताचे, चाकू लागलेले रुग्ण येणं इतकं कमी झालं की इस्पितळांचे ते वॉर्ड ओस पडले, आणि विक्री सुरू होताच पुन्हा भरले. आमच्याकडेही त्या दिवसांत मार खाल्लेली बाई कमी दिसायची, हे मी गटाच्या कामात पाहिलं आहे. दारू कमी मिळाली की घर सावरतं, हे सांगायला बायकांना आफ्रिकेच्या आकड्यांची गरज नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, दुकानाचं कुलूप आणि दवाखान्याचं दार यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो आपल्या धोरणात कुठेच दिसत नाही.

विदर्भाला तरी हे कळायला हवं होतं. दारूबंदीचा एवढा अनुभव राज्यात दुसऱ्या कुणाकडे आहे? वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी. गडचिरोलीत १९९३ पासून. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्याची हद्द त्या जिल्ह्याला लागते, त्यामुळे बंदीच्या अलीकडे काय असतं आणि पलीकडे काय, दोन्ही आम्हाला दिसतं. चंद्रपूरच्या बायका २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या, पाच वर्षं लढल्या, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून तिथे बंदी आली. आणि २७ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, जेव्हा घरोघरी माणसं गेल्याचं दुःख होतं, तेव्हा मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका-पोरंही त्या धंद्यात ओढली गेली, असं कारण दिलं. कारण अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या सहा वर्षांत तालुक्या-तालुक्यात पिणाऱ्यांसाठी उपचार उभा केला असता तर अवैध दारूला गिऱ्हाईक किती उरलं असतं, हा प्रश्न कुणी विचारला का?

तो विचार गडचिरोलीत झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०१६ मध्ये राज्य सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. बंदी होतीच, तेवीस वर्षं होती. तरी चोरून दारू येत होती आणि तंबाखू तर उघडच होता. मग त्यांनी गावागावात समित्या केल्या, बायकांनी भट्ट्या मोडल्या, आणि त्याच वेळी बाराही तालुक्यांत व्यसनी माणसासाठी उपचाराचे दवाखाने ठेवले, गावात शिबिरं घेतली. भट्टी मोडणाऱ्या बाईचा नवरा दुसऱ्या दिवशी थरथरायला लागला तर त्याला न्यायला एक जागा आहे. आम्हाला गोंदियात नेमकं हेच हवं आहे, आणि शेजारच्या जिल्ह्यातून उचलून आणायला कोणाची परवानगी लागते ते कळत नाही.

कळत नाही म्हणते, पण थोडं कळतं. दारूचं दुकान राज्य उत्पादन शुल्क विभागाचं. हातभट्टी आणि गांजा पोलिसांचा, म्हणजे गृह खात्याचा. नशामुक्ती केंद्रांना अनुदान सामाजिक न्याय विभागाचं, आणि २०११ साली राज्याने व्यसनमुक्ती धोरण काढलं तेही त्याच विभागाचं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी, ती अन्न व औषध प्रशासनाची. आणि मुंग्या झटकणारा माणूस मध्यरात्री ज्या दवाखान्यात पोचतो तो आरोग्य खात्याचा. तिथे त्याला पाहिलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “पिऊन आलाय, उतरली की आणा.” त्याने तीन दिवसांत थेंब घेतलेला नसतो, त्याचा आजारच मुळी तो आहे, हे बायको हात जोडून सांगते आणि कोणी ऐकत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो की दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार हे मानसिक आजारातच मोडतात, आणि सरकारी दवाखान्यात त्यावर उपचार मिळणं हा हक्क आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी लावलेल्या उपकेंद्रातही जी बारा प्रकारची सेवा द्यायची आहे तिच्यात मानसिक आजार आहेत. पाटी आमच्याकडेही लागली आहे, रंग छान दिला आहे.

कोरोनाने एक गोष्ट सिद्ध केली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. सरकारला मनात आलं तर ते प्रत्येक उंबरठ्यापर्यंत पोचू शकतं. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली, तेव्हा आशाताई आणि त्यांच्यासोबतचे स्वयंसेवक घरोघर गेले, ताप मोजला, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला. महिन्याला हजार रुपये जादा भत्त्यावर त्या बायकांनी हे काम केलं, हे विसरू नका. २५ मार्च २०२० रोजी फोनवरून डॉक्टरी सल्ला देण्याचे नियम आले, जे त्याआधी वर्षानुवर्षं रखडले होते. ब्राउन शुगरसारख्या व्यसनासाठी रोज केंद्रात येऊन औषध घेणाऱ्या रुग्णांना काही दिवसांचं औषध घरी न्यायची मुभा दिली गेली. एरवी ‘हे लोक औषध विकून खातील’ म्हणून जे होत नव्हतं ते महिनाभरात झालं. आणि हो, मे २०२० च्या मध्यात आपल्या राज्याने दारूची घरपोच विक्रीसुद्धा सुरू करून दाखवली. बाटली दारापर्यंत आणता येते, मग थायमिन का येत नाही?

खऱ्र्याचं सांगितल्याशिवाय आमच्या भागाचं व्यसनावरचं काहीही पुरं होत नाही. तंबाखू, सुपारी, चुना प्लॅस्टिकमध्ये घोटून घोटून केलेला खर्रा. पुरुष खातात, कॉलेजची पोरं खातात आणि रोवणीच्या बांधीत दिवसभर वाकलेल्या बायकाही खातात, भूक मरते म्हणून. देशभराच्या २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते, म्हणजे चौघांत जवळजवळ एक. लॉकडाऊनमध्ये पानठेले बंद होते, थुंकण्यावर बंदी आली, दंड आणि सार्वजनिक सेवेची शिक्षा जाहीर झाली. चोरून विकला गेलेला खर्रा कितीतरी पट महाग झाला. त्या दिवसांत कित्येकांनी नाइलाजाने सोडला होता! दोन महिने तोंड रिकामं राहिलेली माणसं सरकारला आयती मिळाली होती. त्या वेळी कुणी तोंड उघडून पाहिलं असतं, तीन बोटं उभी जातात का एवढं तपासलं असतं, दोन शब्द धीर दिला असता, तर त्यातले कितीतरी परत ठेल्यावर गेले नसते. ठेले उघडले आणि सगळे गेले. थुंकण्याची पाटी अजून भिंतीवर आहे, तिच्यावरच पिचकारी आहे.

पैशाचंही बोलू. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, त्यातून १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित आहे असं सांगितलं गेलं. दारू महागली याचं मला दुःख नाही. मात्र त्या जादा पैशातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी बाजूला ठेवला जाईल, असं एक वाक्य त्या निर्णयात असायला हवं होतं, असं वाटतं. पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालं ते पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या जिद्दीतून. चाळीस वर्षं होत आली. एका लेखकाच्या देणगीतून जे उभं राहिलं ते हजारो कोटींच्या महसुलातून प्रत्येक जिल्ह्यात का उभं राहू नये? अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. त्याच दिवशी सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. तो निर्णय विरोधामुळे रखडला, पण तारीख मनातून जात नाही.

मग आपण काय करायचं? दुकान आडवं करण्याचा हक्क २००८ च्या आदेशाने बायकांना मिळाला, गावातल्या निम्म्या महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. तो हक्क वापरा, जरूर वापरा. पण त्याच अर्जासोबत दुसरा अर्ज आरोग्य अधिकाऱ्याला द्या की, अमुक दिवशी आमच्या गावचं दुकान बंद होणार आहे, तेव्हा पुढचे पंधरा दिवस आमच्या केंद्रात उपचाराची तयारी ठेवा. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारू बंद असते, तेव्हाही हेच मागा. ४८ तासांनंतर काय सुरू होऊ शकतं ते वर सांगितलंच आहे. घरात कुणी एकाएकी सोडली असेल आणि फिट आली, ताप चढला, भलतंसलतं दिसू लागलं तर लिंबू नंतर उतरवा, आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि दवाखान्यात स्पष्ट सांगा की याने इतके दिवस घेतलेली नाही. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे सरकारी फोन फुकट आहेत. नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइल बहुधा त्याच्याच खिशात असतो.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते, बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांची असते. येत्या सभेत आमच्या गटाच्या बायका दोन ओळींचा ठराव मांडणार आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनचं इंजेक्शन आणि दारू सोडवण्याच्या गोळ्या आज शिल्लक किती आहेत, आणि त्या कशा द्यायच्या याचं प्रशिक्षण कोणत्या डॉक्टरांचं कधी झालं, हे ग्रामपंचायतीने लेखी विचारावं. मसुदा तयार आहे. तुमच्या गावासाठी हवा असेल तर ‘कुडवा’च्या जागी तुमच्या गावाचं नाव घाला.